हार्लो टेरम : एका नॅव्हिगेटरच्या चरित्रनोंदीचे काम

१२ जानेवारी २०२५

आजपासून टॉर्गर हार्लो टेरम या कॅनेडियन नॅव्हिगेटरची मराठी चरित्रनोंद लिहायला घेतली आहे. १६ मे १९४३ च्या रात्री ब्रिटनच्या हवाई दलाच्या ६१७ व्या स्क्वाड्रनने जर्मनीतील धरणांवर जो हल्ला केला, त्याचे नेतृत्व करणाऱ्या गाय गिब्सनच्या लँकेस्टर विमानाला वाट दाखवण्याचे काम टेरमकडे होते, आणि त्यानंतर अवघ्या चार महिन्यांनी, वयाच्या तेविसाव्या वर्षी, तो दुसऱ्या एका मोहिमेत मारला गेला. या हल्ल्याविषयी जगभर इतके लिहिले गेले आहे की नव्याने सांगण्यासारखे काही उरले असेल, असे प्रथमदर्शनी वाटत नाही. परंतु त्या लेखनात टेरम बहुतेक वेळा गिब्सनच्या नावामागे येणाऱ्या यादीत भेटतो. विमान त्या जागी पोहोचले कसे, हा प्रश्न मध्यभागी ठेवला तर यादीचा क्रम बदलावा लागतो.

माझी नोकरीची बहुतेक वर्षे व्यापारी जहाजांवर सेकंड ऑफिसर म्हणून नकाशाच्या टेबलापाशी गेली, त्यामुळे पेन्सिल, समांतर पट्टी आणि घड्याळ यांच्या आधारे आपण कुठे आहोत हे ठरवणे म्हणजे काय, याची मला थोडीफार कल्पना आहे. जहाजाच्या वेगात झालेली चूक दुरुस्त करायला अर्धा तास मिळतो. टेरमच्या विमानाला एका मिनिटात जवळपास सहा किलोमीटर अंतर कापायचे होते, हा फरक नोंदीत वाचकाला जाणवला पाहिजे.

१९ जानेवारी

बालपणाचा भाग लहानच राहील. हार्लोचा जन्म २२ मे १९२० रोजी अल्बर्टा प्रांतातील मायलो या गावी झाला. मायलो हे कॅलगरीच्या आग्नेयेला, गव्हाच्या सपाट माळरानात, मॅकग्रेगर तलावाजवळ वसलेले छोटेसे गाव आहे. वडील गुट्टोर्म नॉर्वेहून तरुणपणी येऊन इथे शेती करू लागले होते. हार्लो दहा वर्षांचा असताना ते बुडून मरण पावले आणि घराचा भार आई हिल्डा यांच्यावर आला.

एप्रिल १९४० मध्ये जर्मनीने नॉर्वे व्यापला आणि त्याच वर्षी हार्लो कॅनडाच्या हवाई दलात भरती झाला. या दोन घटनांचा संबंध जोडण्याचा मोह स्वाभाविक आहे, आणि वडिलांचा मुलूख परक्या फौजेच्या ताब्यात गेल्याचे दुःख अशा घरात असणारच. तरीही नोंदीत मी दोन्ही गोष्टी शेजारी शेजारी ठेवून थांबणार आहे. भरती होणाऱ्या वीस वर्षांच्या मुलाच्या मनात एकच कारण असते असे नाही.

२ फेब्रुवारी

प्रशिक्षणाचा भाग लिहिला. युद्धकाळात ब्रिटिश राष्ट्रकुलाच्या विमानचालकांना शिकवण्यासाठी कॅनडाभर जी शाळांची साखळी उभी राहिली, तिच्यातून युद्ध संपेपर्यंत १ लाख ३१ हजारांहून अधिक जण तयार होऊन बाहेर पडले. टेरम शिकत होता तेव्हा हवाई दलात ‘ऑब्झर्व्हर’ हे एकच पद होते, आणि मार्ग काढणे व बॉम्ब टाकणे ही दोन्ही कामे त्याच माणसाला करावी लागत. १९४२ मध्ये त्यांची फोड होऊन नॅव्हिगेटर आणि बॉम्ब एमर अशी दोन स्वतंत्र पदे झाली.

ही फोड का करावी लागली, हे सांगितल्याशिवाय टेरमच्या कामाचे मोल कळणार नाही. ऑगस्ट १९४१ मध्ये ‘बट अहवाल’ म्हणून ओळखला जाणारा एक अहवाल सादर झाला. बॉम्बफेकीच्या वेळी विमानांतून आपोआप निघणारी छायाचित्रे तपासून त्यात असे दाखवले होते की लक्ष्यावर हल्ला केला असे सांगणाऱ्या विमानांपैकी जेमतेम एक तृतीयांश विमाने लक्ष्यापासून पाच मैलांच्या आत पोहोचली होती, आणि जर्मनीतील कारखान्यांच्या धुरकट रूर खोऱ्यावर तर हे प्रमाण दहात एक इतके खाली आले होते. शूर माणसे जीव धोक्यात घालून रात्रभर उडत होती आणि बॉम्ब शेतांत पडत होते. कमतरता धैर्याची नव्हती, ठावठिकाण्याची होती.

वारा हे त्याचे मुख्य कारण. विमानाचे नाक एका दिशेला असते, वारा त्याला बाजूला ढकलतो आणि जमिनीवरची प्रत्यक्ष वाट तिसरीच निघते. या तीन रेषांचा त्रिकोण नॅव्हिगेटर दर काही मिनिटांनी मांडतो. वारा ठाऊक असेल तर सगळे सोपे असते, पण तो नेमका अंदाजानेच घ्यावा लागतो. मार्च १९४२ पासून ‘जी’ ही रेडिओ लहरींवर चालणारी यंत्रणा मदतीला आली, आणि त्याच वर्षी जर्मनांनी तिच्यावर अडथळ्याच्या लहरी सोडण्यास सुरुवात केल्यामुळे युरोपच्या भूमीवर तिचा भरवसा उरला नाही.

९ फेब्रुवारी

५० व्या स्क्वाड्रनमधील काळ एका परिच्छेदात आटोपला. १९४२ च्या पहिल्या सहामाहीत हे स्क्वाड्रन आधी हॅम्पडेन, मग मँचेस्टर आणि त्यानंतर लँकेस्टर अशा तीन जातींच्या विमानांवर गेले. मँचेस्टरची इंजिने बेभरवशाची होती आणि ती बदलल्याबद्दल कोणालाच दुःख झाले नाही. ठरलेल्या संख्येइतक्या मोहिमांचा आपला हप्ता पुरा करून टेरम प्रशिक्षण युनिटात शिकवायला गेला. तो तिथेच राहिला असता तर या नोंदीची गरज पडली नसती.

२३ फेब्रुवारी

६१७ वे स्क्वाड्रन मार्च १९४३ मध्ये लिंकनशरमधील स्कॅम्पटन तळावर उभे राहिले. गिब्सनने आपली जुनी, पारखलेली मंडळी बरोबर आणली, अशी एक समजूत लोककथेसारखी रूढ आहे, आणि ती बरोबर नाही. त्याच्या धरण मोहिमेच्या सहकाऱ्यांपैकी फक्त वायरलेस ऑपरेटर रॉबर्ट हचिसन त्याच्याबरोबर आधी नियमितपणे उडला होता. टेरम, ऑस्ट्रेलियन बॉम्ब एमर फ्रेड स्पॅफर्ड आणि मागच्या तोफेवरचा रिचर्ड ट्रेव्हर-रोपर यांना जोडणारा धागा ५० व्या स्क्वाड्रनचा होता. फ्लाइट इंजिनिअर जॉन पुलफर्ड आणि पुढच्या तोफेवरचा कॅनेडियन जॉर्ज डिअरिंग धरून ही सात माणसे जेमतेम दोन महिन्यांत एकत्र काम करायला शिकली. मला ही खरी हकीकत समजुतीपेक्षा अधिक मोलाची वाटते, कारण जुन्या मैत्रीवर विसंबण्याची सोय नसताना त्यांना केवळ एकमेकांच्या कामावर विसंबावे लागले.

९ मार्च

मार्गाचा नकाशा काढायला बसलो आणि पूर्ण दिवस त्यातच गेला.

एकोणीस लँकेस्टर तीन तुकड्यांत निघाली. गिब्सनचे विमान रात्री ९ वाजून ३९ मिनिटांनी, हॉपगुड आणि मार्टिन यांच्या विमानांबरोबर, स्कॅम्पटनहून उडाले. इंग्लंडचा किनारा साउथवोल्डपाशी सोडायचा, उत्तर समुद्र ओलांडून स्खाउवेन आणि वाल्खेरेन या डच बेटांमधल्या खाडीतून आत शिरायचे, हॉलंडमधून पूर्वेकडे जाऊन रेस गावापाशी ऱ्हाइन नदी गाठायची, आणि तिथून ड्युल्मेन व आलेन या खुणा घेत पहिले लक्ष्य असलेल्या म्योने धरणाकडे वळायचे, असा मार्ग आखलेला होता. रडारला चुकवण्यासाठी उंची सुमारे ३० मीटर ठेवायची होती. लँकेस्टरच्या दोन पंखांच्या टोकांमधले अंतरच ३१ मीटर भरते.

इतक्या खालून पाहताना जमीन नकाशासारखी दिसत नाही. उंचावरून नदीचे वळण ओळखता येते, तिथे खालून फक्त चांदण्यात चमकणारी पाण्याची एक पट्टी येते आणि निघून जाते. म्हणून या मोहिमेत नॅव्हिगेटर आणि बॉम्ब एमर यांची जोडी लावलेली होती. पुढच्या काचेत पालथा पडलेला स्पॅफर्ड गुंडाळीच्या नकाशावर कालवे, रूळ, पूल आणि विजेच्या तारा ओळखून ओरडून सांगे, आणि पडद्याआड दिव्याच्या उजेडात बसलेला टेरम त्या खुणा आपल्या हिशेबाशी ताडून पाही. समुद्रावर अशा खुणा नसतात. तिथे पाण्यावर जळत राहणारी फ्लेम फ्लोट टाकून मागच्या गनरकडून ती किती बाजूला सरकते हे मोजून घेत आणि त्यावरून वाऱ्याचा अदमास बांधत.

मी साउथवोल्ड ते डच किनारा हे अंतर नकाशावर मोजले. ते सुमारे १५० किलोमीटर आहे. दिशेत एका अंशाची चूक झाली तर एवढ्या अंतरानंतर विमान अडीच किलोमीटर बाजूला पडते. जहाजावर आम्ही इतकी चूक होणारच असे गृहीत धरूनच चालत असू. त्या रात्री वारा अंदाजापेक्षा जोराचा निघाला, आणि गिब्सनची तीन विमाने दक्षिणेला सरकून थेट वाल्खेरेन बेटावरून आत शिरली, जिथे विमानवेधी तोफांची दाटी होती. सुदैवाने तोफा वेळेवर बोलल्या नाहीत. ऱ्हाइनपाशीही ते ठरल्या जागेच्या सुमारे दहा किलोमीटर दक्षिणेला निघाले, आणि नदीच्या कडेने रेसकडे परतताना पाण्यावरच्या बोटींवरून त्यांच्यावर मारा झाला.

काही वर्णनांत या दोन चुका टेरमच्या खात्यावर सहज टाकल्या जातात. मला तो हिशेब अन्यायाचा वाटतो. वाऱ्याचा अंदाज तळावरून मिळालेला, ‘जी’ वर अडथळे, पायाखाली खुणा नसलेला समुद्र, अशा स्थितीत दोन-तीन अंशांची तफावत हा अपेक्षित भाग आहे. खरे कौशल्य चूक झाल्याचे किती लवकर ओळखले आणि मूळ रेषेवर परत किती लवकर आणले यात असते, आणि त्या कसोटीवर टेरम पूर्ण उतरला. विमान मध्यरात्रीनंतर थोड्याच वेळात म्योनेच्या जलाशयावर होते.

१६ मार्च

उंचीचा प्रश्न स्वतंत्र नोंदीचा आहे, कारण तिथे नॅव्हिगेटरला असे काम करावे लागले जे कोणत्याही शाळेत शिकवलेले नव्हते.

बार्न्स वॉलिस यांनी तयार केलेला पिंपाच्या आकाराचा सुमारे ४,२०० किलो वजनाचा बॉम्ब पाण्यावर टप्पे घेत धरणाच्या भिंतीपर्यंत जाऊन, तिला लागून बुडून, पाण्याखाली फुटावा अशी कल्पना होती. त्यासाठी तो टाकण्यापूर्वी मिनिटाला ५०० फेऱ्यांच्या वेगाने उलटा फिरवावा लागे, आणि विमान पाण्यापासून नेमके ६० फुटांवर, म्हणजे १८ मीटरवर, असावे लागे. त्या काळातले हवेच्या दाबावर चालणारे उंचीमापक एवढ्या खाली निरुपयोगी होते. यावर उपाय निघाला तो दोन दिव्यांचा. विमानाच्या पोटाखाली पुढे आणि मागे एकेक झोताचा दिवा बसवला, आणि त्यांचे कोन असे लावले की ६० फुटांवर दोन्ही उजेडाचे ठिपके पाण्यावर एकमेकांना टेकावेत. ठिपके उजव्या बाजूला पडत, म्हणून ते पाहण्याचे काम उजवीकडच्या फुगीर काचेतून खाली वाकून पाहणाऱ्या नॅव्हिगेटरला मिळाले.

बारा वाजून अठ्ठावीस मिनिटांनी गिब्सनच्या विमानाने पहिला हल्ला केला. त्या शेवटच्या काही सेकंदांत कामाची वाटणी अशी होती : रेषा गिब्सनकडे, वेग पुलफर्डकडे, अंतर स्पॅफर्डकडे आणि उंची टेरमकडे. समोरच्या मनोऱ्यांवरून तोफा मारा करत होत्या आणि त्यांच्यावर डिअरिंग गोळ्या झाडत होता. अशा वेळी खाली, आणखी खाली, थोडे वर, बस, असे टेरम सांगत राहिला. त्या दिव्यांमुळे विमान शत्रूला स्पष्ट दिसत होते, याची सातही जणांना जाणीव होती. विमान सेकंदाला शंभर मीटरच्या आसपास पुढे जात होते, त्यामुळे हा सगळा संवाद मोजक्या सेकंदांचा असणार. नोंदीत याचे नाट्यमय वर्णन करण्याची गरज नाही, आकडे पुरेसे आहेत.

त्यांचा बॉम्ब टप्पे घेत गेला, पण भिंतीपर्यंत पोहोचण्याआधी बुडून फुटला. पुढे हॉपगुडचे विमान कोसळले. मार्टिन, यंग आणि माल्टबी यांच्या हल्ल्यांनंतर भिंत फुटली.

२३ मार्च

म्योनेनंतरचा भाग अनेक लेखक घाईने उरकतात. एडर धरण तिथून पूर्वेला सुमारे ७५ ते ८० किलोमीटरवर, डोंगरांच्या घडीत आहे. त्याला तोफांचे संरक्षण नव्हते, कारण ते सापडणेच कठीण मानले जात होते, आणि पहाटेचे धुके दऱ्यांत उतरू लागले होते. दुसऱ्या एका विमानाचा वैमानिक शॅनन आधी भलत्याच दरीवर पोहोचला. गिब्सनने धरणावरून रंगीत प्रकाशाचे गोळे सोडले तेव्हा इतरांना जागा समजली, म्हणजे गिब्सनच्या विमानाला ती आधी सापडलेली होती. टेरमने त्या रात्री केलेल्या कामांत हे मला सर्वांत अवघड वाटते, आणि त्याचा उल्लेख सर्वांत कमी होतो. १ वाजून ५२ मिनिटांनी नाइटच्या बॉम्बने एडरची भिंत फुटली. टेरमचे विमान पहाटे सव्वाचारला स्कॅम्पटनला उतरले.

एकोणीसपैकी आठ विमाने परतली नाहीत. १३३ जणांपैकी ५३ मारले गेले आणि तिघे कैद झाले. खाली पुराने सुमारे १,३०० माणसे गेली आणि त्यांतले निम्म्याहून अधिक परदेशी मजूर व युद्धकैदी होते. नेहाइम येथील छावणीत सोव्हिएत प्रदेशातून धरून आणलेल्या स्त्रिया होत्या. १२ जुलै १९६१ चे पानशेत ज्या घरांत आजही सांगितले जाते, तिथल्या वाचकाला फुटलेल्या धरणाखालच्या गावांचे वर्णन करून सांगावे लागणार नाही. मी मृतांचा आकडा आणि छावणीचा उल्लेख मुख्य मजकुरातच ठेवला आहे, तळटीपेत नव्हे.

६ एप्रिल

छायाचित्रांची निवड केली. दोन आवश्यक आहेत. पहिल्यात सातही जण विमानाच्या शिडीपाशी उभे आहेत. दुसरे पहाटेच्या चौकशीचे आहे. त्यात टेबलापाशी स्पॅफर्ड, टेरम आणि ट्रेव्हर-रोपर बसून माहिती देत आहेत, आणि मागे बॉम्बर कमांडचे प्रमुख हॅरिस व गटप्रमुख कॉक्रेन उभे राहून ऐकत आहेत. वरिष्ठ उभे आणि कनिष्ठ बसलेले, असे लष्करात क्वचितच दिसते. या दुसऱ्या छायाचित्राला मी मोठी जागा दिली आहे.

टेरमला या मोहिमेबद्दल डिस्टिंग्विश्ड फ्लाइंग क्रॉस मिळाला. पदके २२ जून रोजी बकिंगहॅम राजवाड्यात देण्यात आली. राजे उत्तर आफ्रिकेत असल्यामुळे ती राणीच्या हस्ते दिली गेली.

१३ एप्रिल

अखेरच्या मोहिमेचा भाग लिहिला.

उन्हाळ्यात गिब्सनला उड्डाणातून काढून सरकारी दौऱ्यावर अमेरिका खंडात पाठवले गेले, आणि स्क्वाड्रन जॉर्ज होल्डनकडे आले. गिब्सनच्या मंडळींपैकी टेरम, स्पॅफर्ड, हचिसन आणि डिअरिंग हे चौघे होल्डनबरोबर उडू लागले. लक्ष्य होते लाडबर्गनजवळचा डॉर्टमुंड-एम्स कालवा. तिथे कालव्याचे पाणी आजूबाजूच्या जमिनीपेक्षा उंच बांधांमधून वाहते, म्हणून बांध फोडला की रूरमधल्या मालाची जलवाहतूक थांबेल असा विचार होता. १४ सप्टेंबरच्या रात्री निघालेली विमाने खराब हवामानामुळे वाटेतून परत बोलावली गेली आणि परतताना माल्टबीचे विमान समुद्रात कोसळले. दुसऱ्याच रात्री आठ विमाने पुन्हा निघाली. प्रत्येकात १२,००० पौंडांचा, म्हणजे जवळजवळ साडेपाच टनांचा, नव्या प्रकारचा बॉम्ब होता. कालव्यावर धुके होते. आठपैकी पाच विमाने परतली नाहीत आणि कालवा फुटला नाही.

होल्डनचे विमान कालव्यापर्यंत पोहोचलेच नाही. हॉलंडची सीमा ओलांडल्यावर लगेच येणाऱ्या नॉर्डहॉर्न या गावावर विमानवेधी तोफांनी त्याला गाठले. ते बॉम्बसह कोसळले आणि बॉम्ब जमिनीवर फुटला. विमानातील आठही जण जागीच मारले गेले. हे सर्वजण क्लेव्हजवळच्या राइक्सवाल्ड युद्धस्मशानभूमीत आहेत, जिथे ७,५०० हून अधिक कबरी आहेत.

धरणांच्या मोहिमेवर जेवढे लिहिले गेले त्याच्या शतांशही या रात्रीवर लिहिले गेलेले नाही. यश मिळाले असते तर लिहिले गेले असते. स्क्वाड्रनने मे महिन्यात आठ विमाने गमावली तेव्हा दोन धरणे फुटली होती. सप्टेंबरमध्ये तितक्याच निष्णात माणसांनी, तितक्याच खालून उडत जाऊन काहीही पदरात पाडून घेतले नाही. एवढ्या जड विमानांना धुक्यात जमिनीलगत पाठवण्याचा हा डाव चुकीचा होता, असे मी स्पष्ट लिहिले आहे, आणि त्यानंतर स्क्वाड्रनला उंचावरून अचूक बॉम्बफेक करण्याच्या कामाकडे वळवले गेले, हेही नमूद केले आहे.

२० एप्रिल

कॅलगरीचा भाग. याच सप्टेंबर महिन्यात, कालव्याच्या मोहिमेच्या काही दिवस आधी, दौऱ्यावर असलेला गिब्सन कॅलगरीला पोहोचला आणि हार्लोची आई हिल्डा यांना भेटला. मुलाच्या सेनानायकाला समोर पाहून त्या माउलीला किती समाधान वाटले असेल, हे कुणीही समजू शकेल. त्यानंतर काही दिवसांतच मुलगा गेल्याची बातमी आली.

धाकटा मुलगा लॉर्न याने त्यानंतरही हवाई दलाचीच वाट धरली. तो लँकेस्टरवर एअर गनर झाला आणि फेब्रुवारी १९४५ मध्ये, युद्ध संपण्यास तीन महिने असताना, मारला गेला. नोंदीचा शेवट लॉर्नवर करावा का, यावर बराच विचार केला. शेवटी त्याला हार्लोच्या मृत्यूला जोडूनच त्याच परिच्छेदात ठेवले, कारण हिल्डा यांच्यासाठी दोन्ही मृत्यू एकाच घरातले होते आणि चरित्रनोंद ही एकट्या माणसाची असली तरी घर एकट्याचे नसते.

४ मे

सातही सहकाऱ्यांच्या मृत्यूंचा तक्ता पूर्ण केला. टेरम, स्पॅफर्ड, हचिसन, डिअरिंग : सप्टेंबर १९४३. पुलफर्ड : फेब्रुवारी १९४४, इंग्लंडमध्येच झालेल्या अपघातात. ट्रेव्हर-रोपर : मार्च १९४४ च्या अखेरीस न्यूरेंबर्गवरच्या हल्ल्यात. गिब्सन : १९ सप्टेंबर १९४४, हॉलंडमध्ये स्टेनबर्गन येथे. त्या शिडीपाशी उभ्या असलेल्या सातांपैकी एकही युद्धाचा शेवट पाहू शकला नाही. बॉम्बर कमांडच्या सुमारे १ लाख २५ हजार विमानचालकांपैकी ५५ हजारांहून अधिक मारले गेले, हा आकडा तक्त्याखाली दिला आहे, जेणेकरून हे सात जण अपवाद होते असे वाटू नये.

मजकूर आज मांडणीसाठी पाठवला. तक्त्यात नावांचा क्रम हुद्द्याप्रमाणे न लावता मृत्यूच्या तारखेप्रमाणे लावला आहे, तो बदलू नये असे कळवले आहे. धरणांचा आणि कालव्याचा असे दोन्ही नकाशे एकाच प्रमाणात छापायचे आहेत. दुसऱ्या नकाशावर नॉर्डहॉर्नपर्यंतची रेघ अखंड आणि तिथून लाडबर्गनपर्यंतचे उरलेले सुमारे ५५ किलोमीटर तुटक रेघेने दाखवायचे आहेत.